आठ वर्षे उंबरठ्यावर

गंगाखेड सोडून राणीसावरगावची वाट धरली की गोदाकाठची काळी सपाट जमीन मागे पडते आणि बालाघाटच्या टेकड्या जवळ येऊ लागतात. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. राणीसावरगाव हे रेणुकामातेचे. परभणी जिल्ह्याच्या या कोपऱ्यात आपली कॅथलिक घरे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या अशाच एका घरी मिस्सा अर्पण करण्यासाठी गेल्या पावसाळ्यात माझे जाणे झाले. ओसरीवर लाकडी टेबल मांडले होते, त्यावर धुतलेली पांढरी चादर होती. वासरावाचन त्या घरच्या थोरल्या मुलाने केले. वाचन इतके स्वच्छ, की हा मुलगा कोठेतरी शिकून आला असावा हे लगेच ध्यानात आले.

मिस्सा आटोपल्यावर त्याच्या आईने मला बाजूला घेतले. मुलगा गुरुविद्यालयात होता. दोन वर्षांनंतर त्याला घरी परत पाठविण्यात आले. कारण सांगितले गेले नाही. 'ईश्वराची इच्छा दुसरी दिसते' एवढेच पत्रात होते. जेवण झाल्यावर मुलगा मला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आला आणि चालता चालता त्याने विचारले, "फादर, बोलावणारा देव, आणि दार लावणारी त्याचीच माणसे. मग मी कोणाचे खरे मानायचे?"

मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिले. गाडीत बसल्यावर त्या उत्तराची मला लाज वाटू लागली. कारण पुष्कळ वर्षांपूर्वी, अर्ज पाहणाऱ्या मंडळींमध्ये मी बसत असताना, अशाच एका मुलाच्या कागदावर 'सध्या नको' हे शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्या मुलाचे पुढे काय झाले याची चौकशी मी कधी केली नाही. परतीच्या प्रवासात मनात सारखे एक नाव येत राहिले आणि त्याच रात्री मी त्या नावाची पुस्तके कपाटातून पुन्हा बाहेर काढली. ते नाव होते आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचे.

वाचकहो, गोन्सालो गार्सिया म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रूस आणि भाले येतात. मराठी मातीतला आणि भारतभूमीतला पहिला संत, जपानमधील हुतात्मा, एवढे आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेले असते. परंतु त्यांच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात क्रूसावरची घटका ही एका सकाळची गोष्ट होती. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे एका माणसाने आपल्या पाचारणाची वाट पाहत, ती वाट चुकत, पुन्हा शोधत काढली. ती कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, म्हणजे १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालोंचा जन्म वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या कोटात येशूसंघीयांची शाळा होती. तेथे त्यांचे शिक्षण झाले आणि तेथेच धर्मसेवेची ओढ लागली. पंधरा-सोळा वर्षांचे असताना फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांच्यासोबत ते जहाजावर चढले आणि १५७२ साली जपानच्या किनाऱ्याला लागले. त्या काळी हा प्रवास म्हणजे परत येण्याची आशा सोडून केलेला प्रवास असे. वसईचे दर्शन त्यांना पुन्हा झाले नाही.

जपानात त्यांनी भाषा हस्तगत केली. हे वाक्य लिहायला सोपे आहे. जपानी भाषेची लिपी आणि वडीलधाऱ्यांशी, सरदारांशी, बरोबरीच्यांशी बोलण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या यांपुढे युरोपातून आलेले विद्वान धर्मगुरूही हात टेकत असत. हा वसईचा पोरगा मात्र बाजारात आणि घराघरांत बोलू लागला. येशूसंघीयांच्या हाताखाली धर्मशिक्षक म्हणून त्यांनी आठ वर्षे काम केले. मुलांना प्रार्थना शिकवाव्या, बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यावी, फादरांचे प्रवचन लोकांच्या बोलीत समजावून सांगावे, हे त्यांचे काम होते. (जाता जाता सांगायचे तर, याच दशकाच्या अखेरीस, १५७९ मध्ये, गोव्यात एक इंग्रज येशूसंघीय उतरला आणि मराठी शिकू लागला. पुढे १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण छापले गेले. एक वसईकर जपानी शिकत होता तेव्हा एक इंग्रज मराठीच्या दिशेने निघाला होता!)

या आठ वर्षांत गोन्सालोंची एकच इच्छा होती: येशूसंघात प्रवेश मिळावा. ती इच्छा पुरी झाली नाही.

त्या काळचे वारे कसे वाहत होते हे येथे सांगितले पाहिजे, आणि आपल्याच घरातली गोष्ट असल्यामुळे ती आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. गोन्सालो जपानात होते तेव्हा तेथील येशूसंघीयांचे वरिष्ठ फ्रान्सिस्को काब्राल होते. देशी माणसांना संघात बरोबरीची जागा देण्यास त्यांचा विरोध असे. १५७९ मध्ये निरीक्षक म्हणून अलेस्सांद्रो व्हालिन्यानो आले. ते दूरदृष्टीचे पुरुष होते. त्यांनी काब्रालांचे धोरण उलटवले, जपानी मुलांसाठी १५८० मध्ये शाळा काढल्या, जपानी तरुणांना नवशिक्यांच्या मठात घेतले. परंतु हेच व्हालिन्यानो भारतातील लोकांविषयी आणि मिश्र रक्ताच्या संततीविषयी मात्र प्रतिकूल मत बाळगून होते. त्यांना संघात घेऊ नये, असेच त्यांचे म्हणणे होते. १५६१ साली कोल्लमकडच्या पेरो लुईस नावाच्या एका ब्राह्मण तरुणाला संघात प्रवेश मिळाला होता आणि १५७५ मध्ये तो धर्मगुरू झाला. त्याच्यामागून दुसऱ्या भारतीयासाठी ते दार पुढे दीर्घकाळ उघडले नाही. वसईच्या आईचा मुलगा या धोरणाच्या पलीकडे कसा जाणार?

त्या वेळच्या वरिष्ठांना दुष्ट ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांतले कितीतरी जण सुवार्तेसाठी झिजून मेले. पण चांगली माणसेही आपल्या काळाच्या कुंपणापलीकडे पाहू शकत नाहीत, आणि त्या कुंपणाची किंमत आठ वर्षे उंबरठ्यावर उभा असलेला कोणीतरी चुकती करीत असतो. त्या कागदावर दोन शब्द लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने हे मान्य करायलाच हवे.

निराश होऊन गोन्सालो मकावला गेले आणि व्यापारात पडले. चरित्रकार या वर्षांवरून भराभर पुढे जातात. संताच्या आयुष्यात दुकान आणि हिशेबाची वही त्यांना अवघड वाटत असावी. मला मात्र हा भाग महत्त्वाचा वाटतो. त्यांचा व्यापार चांगला चालला. पूर्वेकडच्या बंदरांतून त्यांची देवघेव वाढली. अवघ्या पंचविशीच्या आसपासचा, भाषा जाणणारा, हुशार, पैसा हाती आलेला तरुण! आपली ओढ ही पोरवयातली कल्पना होती असे म्हणून तो मोकळा होऊ शकला असता आणि त्याला कोणी दोष दिला नसता. ज्यांनी दार लावले त्यांच्यावरचा राग धरून त्याने देवाकडेही पाठ फिरवली असती, तरी ते माणसाच्या स्वभावाला धरूनच झाले असते.

तसे झाले नाही. व्यापारानिमित्त ते मनिलाला जाऊ लागले. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंचा सहवास घडला. विशेषतः हुआन पोब्रे या बंधूंची ओळख झाली. 'पोब्रे' म्हणजे गरीब. ज्याने हौसेने स्वतःला गरीब म्हणवून घेतले त्या माणसाच्या सहवासात हा सधन व्यापारी आला. १५८७ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, गोन्सालोंनी व्यापार सोडून फ्रान्सिस्कन वस्त्र अंगावर घेतले. तेही धर्मगुरू होण्यासाठी नव्हे, 'ब्रदर' म्हणून. ते अखेरपर्यंत ब्रदरच राहिले. त्यांच्या हातून कधी मिस्सा अर्पण झाली नाही, कोणाचे पापनिवेदन त्यांनी ऐकले नाही. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत राहिली आणि त्यातच तिला तिचा विठ्ठल सापडला, असे गोदाकाठची माणसे सांगतात. गोन्सालोंच्या बाबतीत मला त्याची आठवण होते.

इकडे जपानात चित्र पालटले होते. सर्वसत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये परदेशी धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी ढिली होती, म्हणून येशूसंघीय गाजावाजा न करता काम करीत होते. शिवाय पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये जपानचे कार्यक्षेत्र फक्त येशूसंघाकडे सोपवले होते. अशा वेळी १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने हिदेयोशीकडे वकील म्हणून फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांना पाठवले. त्यांना दुभाष्या हवा होता. जपानी भाषा जाणणारा आणि तेथील रीतिरिवाज माहीत असलेला फ्रान्सिस्कन कोण? वसईचे ब्रदर गोन्सालो!

येशूसंघीयांच्या सेवेत घालवलेली जी आठ वर्षे वाया गेली असे वाटत होते, ती अशी कामी आली. ज्या देशातून ते निराश होऊन निघाले होते त्याच देशात ते परतले आणि हिदेयोशीच्या दरबारात वकिलाची वाणी बनून उभे राहिले. क्योतोत फ्रान्सिस्कनांना जागा मिळाली. तेथे चर्च आणि मठ उभा राहिला, आणि महारोग्यांसाठी रुग्णालय निघाले. त्या काळी महारोग्याला घरचेसुद्धा शिवत नसत. फ्रान्सिस्कन बंधू त्यांच्या जखमा धूत असत.

येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांचे मात्र पटत नव्हते. फ्रान्सिस्कन उघडपणे उपदेश करतात, त्यामुळे सर्वांवर संकट येईल, अशी येशूसंघीयांची तक्रार. येशूसंघीय फार भितात, ही फ्रान्सिस्कनांची. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. एकाच प्रभूचे सेवक असे भांडत होते, आणि दोघांच्याही घरात राहिलेले गोन्सालो त्या भांडणाच्या मधोमध होते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांतात अडकले. त्यावरचा मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने आमच्या राजाचे सैन्य धर्मगुरूंच्या मागोमाग येते असे बढाईने सांगितले, असे म्हणतात. या गोष्टीच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांत आजही वाद आहे. कारण काहीही असो, हिदेयोशी खवळला. डिसेंबरात ओसाका आणि क्योतो येथील मठांना पहारे बसले आणि अटका झाल्या. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. हुकूम खरे तर नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. तेथील अधिकाऱ्याने तो सौम्य केला. त्यांना गाड्यांतून शहरोशहरी मिरवले आणि मग भर हिवाळ्यात नागासाकीकडे नेले. सुमारे महिनाभराचा हा प्रवास बहुतांशी पायी होता. वाटेत त्यांची सेवा करीत चाललेल्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी कैद्यांत धरले आणि संख्या सव्वीस झाली.

त्या सव्वीस जणांच्या यादीपाशी क्षणभर थांबावे. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा जपानी प्रापंचिक. साऱ्यांत मिळून धर्मगुरू फक्त तीन! जगभरच्या दिनदर्शिकेत ज्यांचे नाव प्रथम येते ते पॉल मिकी नामांकित उपदेशक होते, पण त्यांनाही अद्याप गुरुदीक्षा मिळालेली नव्हती. मेक्सिकोचे फेलिपे दे जेझूस तरुणपणी फ्रान्सिस्कन मठ सोडून निघून गेले होते. मनिलात त्यांनी व्यापार केला, पश्चात्ताप होऊन ते पुन्हा मठात आले. मनिलात त्या वेळी बिशप नव्हते, म्हणून दीक्षा घेण्यासाठी ते मायदेशी निघाले होते. त्यांचे जहाज 'सान फेलिपे'. दीक्षेऐवजी क्रूस मिळाला. मथायस नावाचा एक जण यादीत होता, शिपाई आले तेव्हा तो घरी नव्हता. शेजारी राहणारा दुसरा मथायस 'माझेही नाव तेच आहे' म्हणून पुढे झाला, अशी हकिगत सांगतात. लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता. तोमास कोझाकी या मुलाने वाटेत आईला पत्र लिहिले. ते पोचले नाही. सोबत क्रूसावर गेलेल्या त्याच्या वडिलांच्या अंगावर ते नंतर सापडले.

आणि याकोब किसाई. चौसष्ट वर्षांचे वृद्ध गृहस्थ, ओसाकाच्या येशूसंघीयांच्या घरात काम करणारे. त्यांच्यासोबत योहान दे गोतो, वय एकोणीस. हे दोघे येशूसंघाच्या सेवेत होते, पण संघाचे सभासद नव्हते. ५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी, निशिझाकाच्या टेकडीवर नेण्यापूर्वी, महारोग्यांच्या रुग्णालयाजवळच्या लहान मंदिरात त्यांच्याकडून व्रते घेण्यात आली आणि ते येशूसंघीय म्हणून क्रूसावर गेले.

जे मिळावे म्हणून गोन्सालोंनी ऐन तारुण्याची आठ वर्षे वाट पाहिली, ते त्यांच्या शेजारच्या दोघांना त्या सकाळी मिळाले. मी हे पूर्वीही वाचले होते, पण माझे लक्ष तेथे कधी थबकले नव्हते. राणीसावरगावहून परतल्यानंतर ते थबकले. गोन्सालोंना त्या क्षणी काय वाटले असेल? मत्सर वाटला असेल असे मला वाटत नाही. फ्रान्सिसच्या दोरीची गाठ त्यांच्या कमरेला दहाएक वर्षे होती. त्यांचे घर आता ते होते.

टेकडीवर क्रूस मांडून ठेवले होते. हातपाय लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी बांधून मग क्रूस उभे करण्यात आले. क्रूसावर पहिले चढवले गेले ते गोन्सालो, असे चरित्रकार लिहितात. मग भाले चालले. वसई सोडून निघालेल्या त्या मुलाला पंचवीस वर्षे झाली होती.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली त्यांना धन्य घोषित केले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, कोटातले मठ ओस पडले. आज त्या पडक्या भिंतींवर पिंपळ उगवलेले दिसतात. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी, पेंटेकॉस्टच्या सणाला, सव्वीसही जणांना संतपद दिले. आज वसईत गासचे चर्च आणि एक महाविद्यालय गोन्सालोंचे नाव धारण करून आहे. १९९८ पासून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांतही झाला आहे. ६ फेब्रुवारीला 'पॉल मिकी आणि सोबती' असा सण वाचला जातो, तेव्हा त्या 'सोबती' शब्दात आपला एक वसईकर आहे हे मी दरवर्षी वेदीवरून सांगतो, आणि दरवर्षी कोणाला तरी ते नवे वाटते.

नागासाकीची गोष्ट तेथे संपली नाही. १६१४ मध्ये संपूर्ण जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीत नव्यानेच बांधलेल्या ओउराच्या चर्चमध्ये, जे या सव्वीस हुतात्म्यांनाच अर्पण केलेले आहे, उराकामी गावची काही माणसे आली आणि फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना हळूच पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारू लागली. सुमारे अडीचशे वर्षे त्यांच्याकडे मिस्सा नव्हती, धर्मगुरू नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बाप्तिस्मा दिला, प्रार्थना तोंडपाठ करून पुढच्या पिढीला दिल्या. या लोकांनाही नंतर छळ सोसावा लागला. बंदी उठली ती १८७३ मध्ये. सहा-सहा महिने ज्यांच्या ओसरीवर धर्मगुरूचे पाऊल पडत नाही, अशा मराठवाड्यातल्या घरांत मी जेव्हा मुलांना न अडखळता प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणताना ऐकतो, तेव्हा मला उराकामीची माणसे आठवतात.

निशिझाकाच्या टेकडीवर १९६२ साली सव्वीस जणांचे मोठे शिल्प उभारले गेले. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ मध्ये आणि पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये तेथे प्रार्थना करून गेले.

हे सारे थोडक्यात लिहून मी त्या मुलाला पत्र पाठवले. 'सध्या नको' असे मी एकदा लिहिले होते, तेही त्यात कबूल केले. महिनाभराने त्याचे उत्तर आले. तो आता गंगाखेडला एका दुकानात हिशेब लिहितो, आणि रविवारी दुपारी गावातल्या तीन घरांतली मुले गोळा करून त्यांना प्रार्थना शिकवतो. आपल्या मूळ प्रश्नाबद्दल त्याने काही लिहिले नव्हते. त्याने दुसरेच विचारले होते: "फादर, मकावच्या व्यापाराच्या वर्षांत ब्रदर गोन्सालो रविवारी काय करीत असतील?"

मी पुस्तके पुन्हा चाळली. मकावला १५७६ पासून बिशपांची गादी होती, चर्चे होती, घंटा वाजत होत्या. पुढच्या महिन्यात मिस्सेसाठी राणीसावरगावला जायचे आहे, तेव्हा थांब्यापर्यंत चालताना यावर बोलू, असे मी त्याला कळवले आहे.